भावाचं गाणं मी गाऊ का?

पत्र थोडक्यात असं: "मी सत्तावीस वर्षांची आहे. पुण्यात नोकरी करते आणि मित्रांच्या बँडमध्ये गाते. धाकटा भाऊ बावीसचा. दोन वर्षांपूर्वी त्याला बायपोलर आजाराचं निदान झालं. तो स्वतः गाणी रचून मोबाईलवर रेकॉर्ड करतो. अमेरिकेतला गीतकार-गायक डॅनियल जॉन्स्टन हे त्याचं दैवत, त्यालाही मानसिक आजार होता. भावाने मला जॉन्स्टनची गाणी ऐकवली, पण मला मूळ रेकॉर्डिंग ऐकवेनात. इतरांनी गायलेली तीच गाणी, म्हणजे कव्हर, मात्र खूप आवडली. मी तसं बोलून गेले. त्यावर तो म्हणाला, 'म्हणजे आजारी माणसाने लिहायचं आणि धडधाकट माणसांनी ते ऐकण्याजोगं करायचं, असंच ना ताई?' तेव्हापासून तो माझ्याशी गाण्यांबद्दल बोलत नाही. आमच्या बँडला त्याचं एक गाणं बसवायचंय, पण विचारायचा धीर होत नाही. कव्हर जास्त आवडणं चूक आहे का? आणि हल्ली तो म्हणतो, गोळ्यांमुळे गाणी सुचत नाहीत, बंदच करतो."

प्रिय मैत्रिणी,

तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी आधी घेते. बाकीचं सगळं आठ दिवस थांबलं तरी चालेल, ते थांबून चालणार नाही.

गोळ्या त्याने स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. त्याची तक्रार खोटी आहे असं मी म्हणत नाही. या औषधांनी काहींना डोकं जड वाटतं, काहींचा हात थरथरतो, आणि गिटार वाजवणाऱ्याला हात थरथरणं ही लहान गोष्ट नाही. पण हीच तक्रार, याच शब्दांत, त्याच्या मानसोपचारतज्ज्ञांपुढे मांडायची असते. डोस कमी-जास्त करता येतो, घ्यायची वेळ बदलता येते, औषधही बदलता येतं. तू त्याच्यासोबत जा आणि "गाणी सुचत नाहीत" हे त्यालाच सांगू दे, त्याच्या वतीने तू बोलू नकोस. अपॉइंटमेंट लांबची असेल आणि मधल्या काळात त्याची झोप उडाली, बोलणं भरभर होऊ लागलं, खर्चाचा हात सुटला, तर वाट न बघता दवाखान्यात फोन करून लवकरची वेळ मागून घ्या. अपरात्री काही सुचेनासं झालं तर सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. ती मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

आणि त्याच्या दैवताची गोष्ट त्यालाच आठवून दे. १९९० साली जॉन्स्टन टेक्सासमधल्या ऑस्टिनला एका मोठ्या कार्यक्रमात गायला. त्याआधी त्याने औषधं थांबवली होती. कार्यक्रम रंगला, लोकांनी डोक्यावर घेतलं. घरी परतताना वडील आपलं छोटं विमान चालवत होते. हवेतच त्याने इंजिनाची किल्ली काढली आणि खिडकीतून बाहेर फेकून दिली. वडील युद्धातले वैमानिक, म्हणून त्यांनी बंद पडलेलं विमान कसंबसं झाडांवर उतरवलं. विमानाचा चुराडा झाला, बापलेक वाचले, आणि जॉन्स्टनची रवानगी रुग्णालयात झाली. त्याच्यावरच्या २००५ च्या माहितीपटात हा प्रसंग आहे. तुझ्या भावाने तो नक्की पाहिला असेल. पुढची कित्येक वर्षं आजाराने त्याच्याकडून हिरावून नेली. ती वर्षं गाण्यांची होऊ शकली असती.

आता तुझा प्रश्न. कव्हर जास्त आवडणं यात काहीही चूक नाही. जॉन्स्टनची काही गाणी दुसऱ्यांच्या गळ्यातून खरोखरच अधिक चांगली झाली आहेत, हे मी उघडपणे म्हणते. पण चांगलं झालं म्हणजे नेमकं काय झालं, हे तुला भावाशी बोलण्याआधी नीट कळायला हवं. "ऐकवत नाही" एवढंच सांगून तू थांबलीस, आणि उरलेलं वाक्य त्याने स्वतःच्या मनाने पुरं केलं.

जॉन्स्टन १९६१ साली जन्मला, वेस्ट व्हर्जिनियात वाढला आणि पुढे टेक्सासला आला. ऑस्टिनमध्ये तो मॅकडोनाल्ड्समध्ये काम करायचा आणि भेटेल त्याच्या हातात स्वतःची कॅसेट ठेवायचा. साधा मोनो टेपरेकॉर्डर, सान्योचा. वाद्य म्हणजे पुष्कळदा खेळण्यातलं म्हणावं असं कॉर्ड ऑर्गन. त्यात विजेवरचा पंखा हवा ढकलतो आणि आपल्या पेटीसारख्या पट्ट्या वाजतात, त्यामुळे सुरांच्या मागे पंख्याची घरघर सतत असते. आवाज बारीक, वर चढताना फाटणारा. लय पुढे पळते. कॅसेट चालू करताच बटणाचा खटका ऐकू येतो. पहिल्या बैठकीत हे सगळं कानाला बोचलं तर ते तुझ्या कानांचं वैगुण्य नाही.

पण एक गोष्ट बघ. सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याकडे कॅसेटची प्रत काढायची सोय नव्हती. कोणी कॅसेट मागितली की तो बसून अख्खा अल्बम पुन्हा गाऊन रेकॉर्ड करायचा. म्हणजे दहा लोकांकडे दहा वेगळ्या बैठकी. तुझा भाऊ ज्याला "मूळ" म्हणतो ते त्यातलं एक गायन आहे, आपल्यापर्यंत पोचलेलं. जॉन्स्टनच्या दृष्टीने गाणं म्हणजे चाल आणि शब्द, जे उद्या पुन्हा गाता येईल ते. त्या कॅसेटवरची घरघर त्याने निवडली नव्हती. ती नाइलाजाने आली होती.

म्हणून चांगलं कव्हर काय करतं, तर त्या नाइलाजाखाली दबलेली रचना वर आणतं. 'स्पीडिंग मोटरसायकल' घे. १९८३ च्या 'यिप/जंप म्युझिक'वर तो ते ऑर्गनवर बोटं आपटत गातो. इतक्या जोरात, की शब्द कुठे चाललेत याकडे लक्षच राहत नाही. १९९० मध्ये यो ला टेंगो या बँडने 'फेकबुक' या अल्बमवर तेच गाणं घेतलं. गिटार, हलका ठेका, बसका, न ओरडणारा आवाज. आणि एकदम लक्षात येतं की ही सुसाट मोटरसायकल म्हणजे गाणाऱ्याचं स्वतःचं हृदय आहे, आणि तिला जपून चालव असं तो तिलाच विनवतोय. हे सगळं मूळ गाण्यात होतंच. यो ला टेंगोने एका शब्दाचीही भर घातलेली नाही. त्यांनी फक्त वेग उतरवला आणि चालीचं वळण उघडं केलं. पॉप गाण्याची बांधणी जॉन्स्टन बीटल्स ऐकून ऐकून शिकला होता, ती बांधणी इथे स्पष्ट दिसते. हे गाणं अपुरं असतं तर असं उघडं पडल्यावर ते टिकलंच नसतं.

कॅथी मॅकार्टीचं काम याहून मोठं. ऑस्टिनच्याच ग्लास आय या बँडची ती गायिका, जॉन्स्टनला जवळून ओळखणारी. १९९४ मध्ये तिने केवळ त्याच्या गाण्यांचा अल्बम केला, 'डेड डॉग्ज आयबॉल'. प्रत्येक गाण्याला वेगळी मांडणी, वेगळी वाद्यं. एखाद्या संगीतकाराच्या कामाला जेवढं गांभीर्याने घ्यावं तेवढं तिने घेतलं. तिथलं 'लिव्हिंग लाइफ' पुढे 'बिफोर सनराइज' या १९९५ च्या चित्रपटात वापरलं गेलं. ज्यांनी जॉन्स्टनचं नावही ऐकलं नव्हतं त्यांच्या कानी ते गेलं, आणि त्यांना ते कुणा आजारी माणसाचं गाणं म्हणून नव्हे, तर एक गाणं म्हणून आवडलं. मला वाटतं, तुझ्या भावाच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आहे.

गंमत अशी, की त्याच १९९४ मध्ये जॉन्स्टनचा स्वतःचा मोठ्या कंपनीचा अल्बम आला, अटलांटिकचा 'फन'. स्टुडिओ चांगला, वाद्यं चांगली, बटहोल सर्फर्स या बँडचा पॉल लिअरी निर्माता. तो खपला नाही आणि दोनेक वर्षांत कंपनीने त्याला सोडून दिलं. खप बाजूला ठेव. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकलेस तर तुला कळेल की स्वच्छ ध्वनिमुद्रणाने गाणं आपोआप सुधारत नाही. मॅकार्टीने प्रत्येक गाण्यापुढे एक प्रश्न ठेवला होता, याला काय हवंय? तुमच्या बँडने भावाचं गाणं घेतलं तर पहिला प्रश्न तोच विचारा. ड्रम्स कुठे आणायचे, हे नंतर.

सगळीच कव्हर वरचढ नाहीत, आणि हेही भावाला तुझ्या तोंडून ऐकू दे. 'ट्रू लव्ह विल फाइंड यू इन द एंड' हे त्याचं सर्वांत जास्त गायलं गेलेलं गाणं असावं. बेक या गायकाने गायलंय, विल्को या बँडने गायलंय, अनेकांनी गायलंय. माझ्या मते एकालाही १९८४ च्या कॅसेटपर्यंत पोचता आलेलं नाही. दोन मिनिटांचंही नसेल ते. खरं प्रेम शेवटी तुला शोधत येईल असं तो वचन देतो, आणि आवाज असा की वचन देणाऱ्याचाच त्यावर पुरता भरवसा नाही, तरी तो देतोय. चांगल्या, कमावलेल्या गळ्यातून ते वचन आलं की ते सहज खरं वाटतं, आणि गाण्यातली जोखीम संपते. लाना डेल रेने २०१५ मध्ये 'सम थिंग्ज लास्ट अ लाँग टाइम' गायलं. देखणं गायलं, पण त्यातलं दुःख मला फार आरामशीर वाटतं. गायक टॉम वेट्सने गायलेल्या 'किंग काँग'बद्दल मात्र मी ठाम आहे. जॉन्स्टनने ते वाद्याशिवाय, नुसत्या गळ्यावर गायलंय, एखाद्या मुलाने सिनेमाची गोष्ट सांगावी तसं. वेट्सच्या खर्जात गुरगुरत तेच गाणं येतं तेव्हा गोष्ट सांगणारा नाहीसा होतो आणि तो राक्षसच आपल्यापुढे उभा राहतो. दोन्ही हवीत.

वेट्सचं आणि बेकचं ही कव्हर २००४ च्या दोन सीडींच्या संग्रहात आहेत. पहिल्या सीडीवर इतरांनी गायलेली गाणी, दुसऱ्या सीडीवर तीच गाणी जॉन्स्टनच्या आवाजात. तुम्हा दोघांसाठी याहून चांगली सोय नाही. जोडीजोडीने ऐका. प्रत्येक जोडीनंतर आधी त्याला बोलू दे. जिथे तुला कव्हर सरस वाटतं तिथे का ते सांग, चालीतली जागा दाखवून, पुन्हा वाजवून. आणि जिथे जॉन्स्टन सरस आहे तिथेही तितक्याच मोकळेपणाने सांग. केवळ त्याला बरं वाटावं म्हणून सगळीच मूळ गाणी आवडली असं म्हणू नकोस. त्याला ते तत्क्षणी कळेल, आणि मग तुझ्या कौतुकाला त्याच्या लेखी काही किंमत उरणार नाही.

आता त्याचं ते वाक्य. "आजारी माणसाने लिहायचं आणि धडधाकट माणसांनी ते ऐकण्याजोगं करायचं." ते तुला लागलं, मलाही वाचताना लागलं. ते आजारातून आलेलं नाही. ते एका हुशार मुलाने जगाकडे पाहून काढलेलं अनुमान आहे, आणि त्यात तथ्य आहे. जॉन्स्टनभोवती असे लोक होते ज्यांना तो कच्चा माल वाटायचा. आणि त्यांच्या उलट टोकाचेही लोक होते. त्याचा आवाज फाटतो, हात कापतात, मंचावर तो मध्येच थांबतो, हेच बघायला येणारे. त्यांना कव्हर नको असायची, कारण त्यांना गाण्यापेक्षा वेड हवं होतं. मूळ कॅसेट पवित्र, तिला कुणी हात लावायचा नाही, या हट्टात कधी कधी तेच दडलेलं असतं. तुझ्या भावाला या दोन्हींपासून जपायचं असेल तर त्याच्याकडे गीतकार आणि संगीतकार म्हणून बघायला लाग. आणि गीतकाराचं गाणं दुसऱ्याने गाणं यात त्याचा कमीपणा कधीपासून झाला? आपल्याकडे तर कवी एक, संगीतकार दुसरा, गायक तिसरा, हीच रीत. तुकोबांचा अभंग भीमसेनजींनी गायला म्हणून तुकोबा कुणाला अपुरे वाटले नाहीत. कुमार गंधर्वांनी बालगंधर्वांची पदं 'मला उमजलेले बालगंधर्व' म्हणून मांडली. त्या नावातच ती वागणूक आहे, जी मला तुझ्याकडून हवी आहे. मला जे उमजलं ते मी गाते, मूळ गाणं तुझंच आहे.

जॉन्स्टनला स्वतःला काय हवं होतं, तेही भावाला ठाऊक असेल. त्याला बीटल्सएवढं प्रसिद्ध व्हायचं होतं. १९८५ मध्ये एमटीव्हीवाले ऑस्टिनला चित्रीकरणाला आले तेव्हा तो आपण होऊन तिथे पोचला आणि कॅमेऱ्यासमोर कॅसेट धरून उभा राहिला. १९९२ मध्ये निर्वाणा बँडच्या कर्ट कोबेनने एमटीव्हीच्या पुरस्कार सोहळ्यात त्याच्या 'हाय, हाउ आर यू' या अल्बमचा बेडकाचा टी-शर्ट घातला, तेव्हा जगातल्या कितीतरी लोकांना तो बेडूक माहीत झाला, गाणी नाहीत. ती गाणी इतर गायकांनी त्यांच्यापर्यंत पोचवली. आणि माझं सर्वांत आवडतं उदाहरण यो ला टेंगोचंच. १९९० मध्ये ते न्यू जर्सीच्या एका रेडिओ केंद्रावर वाजवत होते. जॉन्स्टन वेस्ट व्हर्जिनियात, घरी. त्याने फोनवरून 'स्पीडिंग मोटरसायकल' गायलं आणि त्यांनी स्टुडिओत बसून साथ केली. फोनच्या तारेतून आलेला तो आवाज, आणि त्याच्याखाली जागरूकपणे वाजणारी गिटार. तो ज्या शब्दावर घाई करतो तिथे तेही घाई करतात. साथ कशी करावी हे तुमच्या ड्रमरला मुद्दाम ऐकव.

२०१७ मध्ये निरोपाच्या दौऱ्यातही तेच झालं. गावोगावच्या बँडने गाणी बसवून ठेवली आणि तो येऊन गायला. शिकागोत विल्कोचा जेफ ट्वीडी होता. त्याच दौऱ्यात साथ केलेल्या बिल्ट टू स्पिल या बँडने त्याच्या गाण्यांचा अल्बम २०२० मध्ये काढला. त्याआधीच, २०१९ मध्ये, अठ्ठावन्नाव्या वर्षी, जॉन्स्टन टेक्सासमध्ये वारला होता.

तर हो, भावाचं गाणं गा. पण आधी विचार, आणि एकटीने विचार, सगळा बँड घरी घेऊन जाऊ नकोस. तो नाही म्हणाला तर तिथेच थांब. "का" म्हणून खोदू नकोस, आणि बँडला सांगून टाक की हे गाणं सध्या नाही. नंतर कधीतरी तो आपणहून विषय काढेल किंवा काढणार नाही.

हो म्हणाला तर काही गोष्टी पहिल्याच दिवशी ठरवा. कोणतं गाणं द्यायचं ते तो निवडेल. त्याचे शब्द बदलायचे नाहीत, व्याकरण चुकलेलं असलं तरी. चालीत काही बदलायचं असेल तर त्याला वाजवून दाखवायचं आणि त्याचा शब्द शेवटचा. तुझ्या गळ्यासाठी पट्टी बदलावी लागेल, ते त्याला आधीच सांग, नाहीतर पहिल्या तालमीत त्याला आपलं गाणं ओळखूच येणार नाही. तालमीला तो आला तर उत्तम, पण दोन तास त्या गोंगाटात बसायची सक्ती नको. अर्ध्यावर उठून गेला तर ते मनाला लावून घेऊ नका. मोबाईलवरचं त्याचं मूळ रेकॉर्डिंग दोन ठिकाणी जपून ठेव. तुमचं गाणं ऑनलाइन टाकाल तेव्हा त्याची इच्छा असेल तर त्याचंही सोबत टाका.

श्रेय लेखी द्या. गीत आणि संगीत: त्याचं नाव. ते तुमच्या बँडच्या नावाखाली दडता कामा नये. गाणं त्याने रेकॉर्ड केलं तेव्हाच कायद्याने त्याचा हक्क झाला, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. पुढे गाणी प्रसिद्ध होऊ लागली तर गीतकार-संगीतकारांची आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासदत्व घेता येतं. आणि कार्यक्रमात गाण्याची ओळख करून देताना "माझ्या भावाचं गाणं" एवढं पुरे. त्याच्या आजाराचा उल्लेख मंचावरून करायचा नाही, कितीही चांगल्या हेतूने असला तरी. टाळ्या वाढतील, पण त्या गाण्याला पडलेल्या नसतील, आणि त्याला ते कळेल.

माफी मागायची का, असं तू विचारलं नाहीस, पण पत्रात ते जागोजागी आहे. मला वाटतं, आवडीनिवडीबद्दल माफी मागू नकोस. "मी अर्धंच बोलले, उरलेलं सांगायचं राहिलं" एवढं म्हण आणि मूळ गाणं व कव्हर अशी पहिली जोडी लाव. सुरुवात 'स्पीडिंग मोटरसायकल'ने कर, 'ट्रू लव्ह' दुसऱ्या दिवसासाठी ठेव. पण त्याआधी, या आठवड्यातच, डॉक्टरांची वेळ घे. कोणतं गाणं ठरलं ते मला नक्की कळव.